ओल्या फडक्याखालची ज्येष्ठा

१

रोज सकाळी चहा पोटात गेला की व्यंकटराव मास्तर आतल्या खोलीचं दार लोटून घेत, खुंटीवरचा जुना सदरा अंगात चढवत आणि पाटावरच्या मातीवरचं ओलं फडकं उचलत. उचलताना तोंड असं करत, की आता जगाला काहीतरी दिसणार आहे आणि जग काही त्या लायकीचं नाही. जग म्हणजे त्या वेळी खोलीत असलेलं एक मांजर, दोन कणग्या आणि कोपऱ्यातली मोडकी तिफण.

बोरीत मास्तरांच्या लायकीचं होतंच काय म्हणा! ते परभणीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. मुंबईकडच्या परीक्षा दिलेले, जहागीरदारांच्या तसबिरी रंगवलेले. रझाकारांच्या धामधुमीत शाळेला कुलूप पडलं, सदर मुदर्रिसानं, म्हणजे हेडमास्तरानं, सगळ्यांना रुख्सत दिली, आणि मास्तर नवी बायको घेऊन थोरल्या भावाच्या घरी येऊन पडले. भाऊ बन्सीधर रानात राबणारा साधा माणूस. त्याला मास्तर ‘दादा’ म्हणत, पण म्हणताना बघत दुसरीकडंच.

घरातले महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे बन्सीधरनं उन्हाळ्यातच दागिन्यांबरोबर रानात पुरले होते. धामधूम सरल्याशिवाय ते वर काढायचे नव्हते, आणि सण तर बारा दिवसांवर आला. मग वहिनींनी, म्हणजे कमलबाईंनी, गावच्या सटवाजी कुंभाराला मातीच्या जोडीचं सांगितलं. त्यानं आधी एक करून आणला. तो बघून मास्तर इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

“वहिनी, ही लक्ष्मी आहे का भोपळा? डोळे बघा, एक जिंतूरला चाललाय, एक परभणीला.”

“तसंच असत्यात डोळं, भावजी,” कमलबाई म्हणाल्या. “तिनं कुनाकडं रोखून बघू नाई म्हनून.”

“हातात हुन्नर नसलं की असली कारणं सुचतात. धाकटी राहू द्या त्याची. थोरली मी घडवतो. निदान घरात एक तरी बघण्यासारखा चेहरा येऊ द्या.”

कमलबाईंनी पदर नीट केला आणि त्या चुलीकडं गेल्या. घरात बघण्यासारखा एकही चेहरा नव्हता, म्हणजे त्यांचाही नव्हता, हे त्यांना सांगितल्यासारखंच झालं होतं.

२

खरं कारण वेगळं होतं. ते मास्तरांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायला लाज वाटावी असंच होतं. त्यांना त्यांच्या मेलेल्या बायकोचा चेहरा आठवत नव्हता.

बायनाबाई पालमकडची. आठ वर्षं मास्तरांच्या हाताखाली नांदली. ज्या माणसाला सदर मुदर्रिसाच्या नाकावरची मस डोळे मिटून काढता येत होती, त्यानं आठ वर्षांत बायकोचं एक रेघोटीभर चित्र काढलं नाही. एकदा एक दोस्त म्हणाला, वहिनींची तसबीर काढा की. मास्तर तिच्यासमोरच म्हणाले, “काढण्यासारखं तोंडात काही पाहिजे ना?” दोस्त हसला. मास्तरही हसले. बाईनं कपबश्या उचलल्या आणि ती आत गेली. पुढं ती तापानं फणफणली, तेव्हा मास्तर बाहेरच्या खोलीत एका जहागीरदाराच्या मिशा रंगवत होते. दोनदा आतून हाक आली. मिशा ओल्या होत्या, उठता येत नव्हतं. फार नामी जमल्या त्या मिशा. बाई संध्याकाळी गेली.

आता दोन वर्षांनी तिला आठवायला बसलं की हनुवटीवरचे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके तेवढे दिसायचे. वर काहीच नाही. कपाळ नाही, डोळे नाहीत. मास्तर मनाशी म्हणायचे, बरं झालं, कशाला पाहिजे? पण झोप लागेना.

त्यात दुसरं लग्न झालं. मनकर्णा चारठाण्याची, वीस वर्षांची, चार बुकं शिकलेली. अंतरपाट खाली आला तेव्हा मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा एका बाईकडं नीट बघितलं. डाव्या डोळ्याखाली तीळ, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, आणि भर मांडवात हसू दाबता येत नव्हतं पोरीला. मास्तर चक्क विरघळले. चाळिशीच्या माणसानं असं विरघळू नये, पण झालं ते झालं. ती घरात बडबडायची, बांगड्या वाजवायची, मास्तरांच्या रंगांना नावं ठेवायची. मास्तरांना वाटायचं, आपण आता वेगळा माणूस होऊ.

आणि आषाढात एक दिवस ती पाणी आणायला गेली, मास्तरांनी सहज तिचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला बघितला, तर तो येईना. ती परत येईपर्यंत ते दारातच उभे राहिले.

तेव्हा त्यांनी ठरवलं. आधीची नीट घडवून काढायची. मातीत का होईना, एकदा पुरतं बघून घ्यायचं, तीन दिवस मखरात बसवायची आणि चौथ्या दिवसापासून मोकळं व्हायचं. नाहीतर ही दुसरीही त्याच वाटेनं जाणार. मनकर्णेला गमवायचं नव्हतं त्यांना. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांना जीवापाड पाहिजे होती.

३

तळ्याची माती, पिंजलेला कापूस आणि शाळेच्या रद्दीचा लगदा. तीन दिवस मळून मास्तरांनी गोळा उभा केला. सटवाजीची बायको कडूबाई उरलेली माती न्यायला आली, तर मुखवटा आतल्या खोलीत बघून दारातच थबकली.

“मालक, हे आत कशाला करायलाव? आमच्या घरी करा, न्हाईतर देवळात करा.”

“का? तिथं माती जास्त शहाणी होते?”

“मुखवटा आमच्या दारातून निघतो, तुमचा उंबरा वलांडून आत येतो. पाहुणी म्हनून येती, पाहुणी म्हनून जाती. घरातच घडवली तर ती पाहुणी कशी व्हायची? तिला जा म्हनायचं तरी कसं?”

“तू भोपळे कर,” मास्तर म्हणाले. “विचार करायला आम्ही आहोत.”

कडूबाईनं मातीची पाटी उचलली आणि ती बाहेर पडली. उंबऱ्याच्या बाहेर गेल्यावर मात्र तिनं पाटी खाली ठेवून दोन्ही तळवे लुगड्याला पुसले, चांगले दोन-तीनदा पुसले. मास्तरांना त्याचंही हसू आलं.

चौथ्या दिवशी सकाळी फडकं उचललं, तर गालाच्या जागी बोटांचे ठसे होते. बारीक ठसे. मास्तरांच्या एका अंगठ्यात तसले दोन मावले असते.

“मनकर्णा! मातीला हात लावलास?”

“मी कशाला लावू? मला काय दुसरी कामं न्हाईत?” ती बाहेरून ओरडली. “तुमी तुमच्या लाडकीला सांभाळा.”

मास्तरांनी ठसे पुसले. माती ओली असली की बसते, आकसते, हे त्यांनी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. आकसताना ठसे लहान दिसतात. रास्त आहे. पुसून झाल्यावर डाव्या डोळ्याच्या जागेखाली एक काळा खडा वर आलेला दिसला. त्यांनी तो टाचणीनं काढला, भोक बुजवलं, कपाळ वळवलं आणि ओलं फडकं घातलं. सटवाजी गाळून माती देत नाही, हरामखोर, असं मनाशी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खडा परत तिथंच होता.

४

मास्तरांना त्या दिवशी हात आवरेना. नाक आपोआप आलं. गाल आले. वरचा ओठ दाबायला गेले, तर एका दातापाशी तो किंचित उचललाच गेला, बसेचना. त्यांना वाटलं, हीच ती बायना, हात विसरत नाहीत. डोळे विसरले तरी हातांनी कुठं तरी जपून ठेवलं असणार. रडायला येतंय की काय असं वाटलं, तेव्हा त्यांनी ताबडतोब स्वतःला हिणवलं. रडणारी माणसं त्यांना आवडत नसत.

दुपारी जेवायला बसले. मनकर्णा वाढत होती. भाकरी टाकायला ती वाकली, तिच्या तोंडावर उजेड पडला, आणि मास्तरांचा घास हातातच राहिला.

“तुझा तीळ कुठंय?”

“कुटला तीळ?”

“डोळ्याखाली. डाव्या.”

ती हसली. दात एका ओळीत होते, सरळ. “मला कवा होता तीळ? दुसऱ्या कुनाचा आठवला का काय?”

मास्तर उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी फडकं बाजूला केलं आणि बराच वेळ बघत बसले. मातीच्या डोळ्याखाली काळा खडा, उचललेला ओठ. हे तर बायनाचं नव्हतं. मग ते मोठ्यानं म्हणाले, “अर्थात! रोज जे समोर तेच हातात उतरणार.” खुलासा झाला. हात मनकर्णेला बघून मनकर्णाच काढत होते. यात घाबरण्यासारखं काय आहे?

पण मग मनकर्णेच्या तोंडावरचं कुठं गेलं?

बन्सीधर गोठ्यात बैलाला आंबोण घालत होता. मास्तर जाऊन त्याच्याशेजारी उभे राहिले. मोठेपणी ते पहिल्यांदाच गोठ्यात गेले असतील.

“दादा, हिच्या डोळ्याखाली तीळ होता ना?”

“कुनाच्या?”

“मनकर्णेच्या.”

बन्सीधरनं टोपली खाली ठेवली. “डोकं ठिकाण्यावर हाय का तुझं? भावजयीच्या तोंडाकडं बघायची रीत हाय का आपल्यात? ती माझ्यापुढं पदर घेऊन असती. तू नवरा. तूच बघ की.”

“बघितलंय मी!”

“मग मला काय पुसायलास?”

रास्त होतं तेही. मास्तर घरात आले.

५

त्यानंतर मास्तरांनी मातीला हात लावायचा नाही असं ठरवलं. ठरवलं खरं. पण दुपारी ते ढाळजेत, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर, आडवे झाले की आतून आवाज यायचा. थाप. थांबून परत थाप. ओली माती तळव्यानं बसवताना येतो तसा. मांजर असेल. उंदीर असतील. मास्तर उठून दार उघडायचे, तर फडकं जिथल्या तिथं, आणि फडक्याखाली मुखवटा कालच्यापेक्षा पुढं गेलेला. हनुवटी आली होती. भुवया आल्या होत्या. उजव्या कानामागं मनकर्णेची जळाल्याची एक खूण होती, लहानपणची. ती मास्तरांनी कुणालाच सांगितली नव्हती, आणि ती तिथं होती.

इकडं घर गप्प होत चाललं. मनकर्णा बोलायची कमी झाली. आधी बडबड गेली. मग नावं ठेवणं गेलं. मग बांगड्यांचा आवाज गेला, म्हणजे बांगड्या हातात होत्या, पण हात असे चालायचे की त्या एकमेकींना लागतच नसत. ती दारातून कधी आली, कधी गेली, मास्तरांना कळेना. त्यांना आठवलं, आठ वर्षं असंच त्यांना काही कळत नव्हतं.

आवाहनाच्या आदल्या दिवशी ती अंगणात बसून हळद कुटत होती. मास्तर तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. तिच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते.

“हे कधी गोंदवलं?”

तिनं मुसळ थांबवलं नाही. “पयल्यापासून हाय.”

“खोटं आहे.”

“बरं,” ती म्हणाली.

‘बरं’ असं मनकर्णा कधी म्हणत नसे. भांडायची. मास्तर धावत वहिनींकडं गेले. कमलबाई धुरात डोळे पुसत पुरणाची डाळ निवडत होत्या.

“वहिनी, तुम्ही तरी सांगा. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं का?”

“असंल की. बायकांच्या असतंय.”

“असेल नको. होतं का? तुम्ही रोज तिच्याबरोबर बसता.”

कमलबाईंनी सूप खाली ठेवलं आणि मास्तरांकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं. “भावजी, पंधरा वरसं, तुमी घरी आलाव की तुमच्या ताटात मी भाकर वाढायले. माझ्या हनुवटीवर हाय का, सांगा बरं. न बघता.”

मास्तरांना वहिनींचा राग आला, असला अडाणी सवाल विचारायची ही काय वेळ होती?

त्यांनी वरवंटा उचलला आणि ते आतल्या खोलीत गेले. मुखवटा फोडायचाच. फडकं उचललं तर कपाळावर ओलं कुंकू होतं. कमलबाईंनी सकाळीच आमंत्रणाचं बोट लावून ठेवलं होतं. मातीतून मनकर्णा बघत होती, तीच, हसू दाबलेली, मांडवातली. कितीतरी दिवसांनी मास्तरांना तिचा चेहरा पुरता दिसला. वरवंटा कसा मारणार? त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

६

आवाहनाला कमलबाईंनी उंबऱ्यापासून मखरापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढली. धाकटी सटवाजीच्या घरून आली होती, वाजतगाजत, उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून घेऊन. थोरलीला निदान तुळशीपर्यंत नेऊन परत आणू, असं कमलबाई दोनदा म्हणाल्या. पण माती कच्ची, ऊन कडक, तडा गेला असता. मास्तरांनी नको म्हटलं. तडा कुणाच्या तोंडाला जाईल, हे ते बोलले नाहीत. मग थोरली आतल्या खोलीतूनच निघाली, आणि उंबऱ्यापासूनची पावलं एकाच पाहुणीची राहिली.

रीतीप्रमाणं दोघी सवाष्णी मुखवटे छातीशी धरून घरभर फिरल्या. हे स्वैपाकघर, ही धान्याची खोली, हा गोठा, असं लक्ष्मीला सगळं दाखवायचं. कमलबाईंच्या हातात धाकटी. थोरली मनकर्णेच्या हातात. मास्तर ढाळजेत खांबाला टेकून उभे होते.

ती दारातून वळली. पदराखाली एक तोंड, छातीशी एक तोंड. खालचं हसू दाबत होतं. डोळ्याखाली तीळ, ओठ दातावर उचललेला, रंग नुकता वाळलेला. वरचं तोंड मास्तरांना नीट दिसेना. पदराची सावली असेल. धुपाचा धूर असेल. मास्तरांनी डोळे चोळले. तीन ठिपके स्पष्ट दिसत होते. त्याच्या वर मात्र नजर ठरतच नव्हती, घसरून खालच्या तोंडावर यायची.

“हे तुमचं घर,” कमलबाई म्हणत होत्या. “हितं ऱ्हावा.”

“ऱ्हाते,” मनकर्णा म्हणाली. हे तिनं म्हणायचं नसतं. एका बाईनं विचारायचं, दुसरीनं लक्ष्मीच्या वतीनं सोन्याच्या पावलांचं सांगायचं, एवढंच असतं. कमलबाई गोंधळल्या, पण पुढं चालू लागल्या.

पूजनाच्या दिवशी गावच्या बाया हळदीकुंकवाला आल्या. कुणी सोळा भाज्या मोजल्या, कुणी आंबिलीला नावं ठेवली. मास्तर पडद्याआड कान देऊन बसले होते. एकेकाळी असल्या बायकांच्या बोलण्याला ते कलकलाट म्हणत.

“अगं बया, मास्तरनं तर आपल्या बायकोलाच बसवली की मखरात!”

“व्हय गं. मला वाटलंच, हिला कुटं तरी बघितलंय. हळदीच्या दिवशी अशीच हसायली होती.”

“मग कुटंय ती? बोलवा तिला, शेजारी बसवून बघू.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे तीळ होता! ते खुळे नव्हते. त्यांना पडदा ओढून बाहेर जावंसं वाटलं, या अडाणी बायकांच्या पाया पडावंसं वाटलं. तेवढ्यात कमलबाईंनी हाक मारली आणि मनकर्णा कुंकवाचा करंडा घेऊन बायांत आली. बाया तिच्या तोंडाकडं बघायच्या आणि परत मखराकडं. एकीनं कुंकू लावून घेतलं आणि पोराला दूध पाजायचं निमित्त काढून उठली. मग दुसरी उठली. थोड्या वेळात घर रिकामं झालं, आणि आंबिलीची अर्धी भांडी तशीच राहिली.

मास्तरांनी रात्रभर मखरासमोर बैठक मारली. मुखवटा बुडवायचा नाही. भट्टीत भाजून पक्का करायचा, तसबिरीसारखा जपायचा, आणि त्याच्याकडं बघत बघत मनकर्णेला परत घडवायचं. होईल. हातात हुन्नर आहे. नाहीतरी त्यांच्याकडं दुसरं होतंच काय?

७

विसर्जनाच्या दुपारी त्यांचा डोळा लागला. एवढाच गुन्हा. उठले तेव्हा मखरात धाकटी एकटी होती, आणि थोरलीच्या कोठीवर, मुखवटा बसवायच्या धडावर, नुसतं लुगडं.

“वहिनी! थोरली कुठंय?”

“नेली तिनं डोहावर. तुमीच तर म्हनला होता, कच्ची हाय, बुडवायची. सुताचा दोरा घेतला, दहीभात ठेवला अन् गेली.”

“कोण गेली?”

“कोन म्हंजे? तुमची बायको!”

बोरीच्या लोकांनी मास्तरांना त्या दिवशी धावताना बघितलं. पायांत वहाणा नाहीत, धोतराचा सोगा हातात, डोक्यावर टोपी नाही. दुकानदार बसप्पा पेटीवरून उठून बघत राहिला. मास्तर रडत होते आणि त्यांना त्याची लाजही उरली नव्हती.

डोहाशी ती गुडघाभर पाण्यात पाठमोरी उभी होती. तिचे हात पाण्यात होते. मास्तर काठावरून ओरडले, “थांब! तिला सोडू नकोस! मनकर्णा आहे ती!”

ती थांबली. मान वळवली नाही. हात तेवढे वर आले, रिकामे.

मास्तरांनी पाण्यात उडी घातली. मुखवटा अजून तरंगत होता, लगदा आणि कापूस लवकर बुडत नाहीत. दोन्ही तळव्यांवर त्यांनी तो झेलला. रंग सुटून पाणी तांबडं होत होतं. ओठ तसाच उचललेला होता. त्यांनी मातीतल्या तिच्याकडं बघितलं, अगदी नीट, जन्मात कुणाकडं बघितलं नसेल तसं, आणि ती त्यांच्या बोटांतून निघून गेली. आधी गाल, मग नाक. हसू शेवटी गेलं. तळव्यावर ओला कापूस राहिला.

ते किती वेळ पाण्यात होते कोण जाणे. काठावर आले तेव्हा ती घरी गेली होती.

८

दिवे लागायच्या वेळी मास्तर घरात शिरले. बन्सीधर आणि कमलबाई धाकटीला पोचवायला कुंभाराकडं गेले होते. ओसरीवर पिठाची पावलं अजून होती.

आतल्या खोलीत कंदील होता. पाट मांडलेला, शेजारी घमेल्यात माती भिजवलेली, कापूस पिंजून ठेवलेला. पाटासमोर ती बसली होती, पदर नाकाखाली ओढून, सरळ, अंग चोरून. तसबीर काढून घ्यायला मास्तरांच्या जागेसमोर बसतात तशी. एवढी वर्षं ती अशीच कुठं कुठं बसली असेल.

मास्तर त्यांच्या जागेवर बसले. त्यांना ओरडायचं होतं, पण कुणाला हाक मारायची तेच कळेना. मनकर्णा म्हणून हाक मारायची, तर ती कशी दिसायची?

“दोनदा हाक मारली,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “तुमी कामात होता.”

“बायना,” मास्तर म्हणाले. “चुकलं माझं.”

“असू द्या.”

तिनं कंदील जवळ ओढला आणि पदर मागं सारला. मास्तरांनी बघितलं. खाली मान घालता आली असती, पण आता तेही होईना. आठ वर्षांत त्यांनी जेवढं बघितलं होतं तेवढंच तिथं होतं, हनुवटीवरचे तीन ठिपके. बाकी सगळी जागा गुळगुळीत होती आणि ओली होती.

तिनं घमेलं त्यांच्यापुढं सरकवलं, त्यांचे दोन्ही हात धरले आणि ते आपल्या तोंडाकडं नेले.

“बाकीचं कवा करनार?” ती म्हणाली.